कळ काढायची की आणायची

मंगळवार

आजही नाही.

उठल्या उठल्या जिन्याच्या तोंडाशी जाऊन वरच्या मजल्याचा कानोसा घेतला. वर लेक-जावई राहतात, खाली आम्ही दोघं, आणि रस्त्याच्या अंगाला माझं पडदे शिवायचं दुकान. वरून आधी भांड्यांचा आवाज आला, मग नळाचा, आणि मग लेकीचा खणखणीत आवाज. "आप्पा, मी इथेच आहे आणि ते अजून आतच आहे. तुम्ही चहा घ्या."

डॉक्टरांनी दिलेली तारीख केव्हाच उलटून गेली. बाळाला काही ती कुणी कळवलेली दिसत नाही.

ही म्हणाली, "दिवसभर माझं डोकं खाण्यापेक्षा वहीत लिहा काय ते." म्हणून आजपासून लिहायला घेतलं. ही म्हणजे माझी बायको. मी तिला 'अगं' म्हणतो, ती मला 'अहो', आणि एवढ्या भांडवलावर आमचा संसार मजेत चालला आहे.

लेकीचं घरातलं नाव भिंगरी. लहानपणी दुकानात पडद्याच्या कापडात स्वतःला गुंडाळून घ्यायची आणि गरगर फिरत बाहेर यायची. ठाण उलगडायला मला नोकर लागत नसे. आज तीच भिंगरी जिना उतरते तेव्हा भरलेलं गलबत धक्क्याला लागावं तशी हळूहळू, कठड्याला धरून येते आणि शेवटच्या पायरीवर "आलं बंदर!" म्हणून स्वतःच हसते.

काय हुशार होती शाळेत! कवितांची पुस्तकं आम्ही दोघं मिळून पाठ करायचो. शिवणयंत्राच्या पॅडलच्या ठेक्यावर मी चाल लावायचो आणि ती धाग्यांच्या रिकाम्या रिळांवर ताल धरायची. वाक्प्रचारांच्या स्पर्धेत तर पैकीच्या पैकी. तिचं एक उत्तर मला अजून जसंच्या तसं आठवतं: 'कळ काढणे म्हणजे धीर धरणे, सोसणे. वाक्यात उपयोग: गिऱ्हाईक कितीही ओरडले तरी माझे आप्पा म्हणतात, जरा कळ काढा, झालर अजून बाकी आहे.' बाईंनी ते साऱ्या वर्गाला वाचून दाखवलं होतं. आठवडाभर येणारंजाणारं प्रत्येक पोर मला "कळ काढा आप्पा" म्हणत असे.

आता त्याच कळेवरून लोकांनी जीव नकोसा केला आहे. शेजारचा किल्लीवाला दुकानाची फळी काढता काढताच ओरडतो, "काय कविराज, आली का कळ?" समोरून जाणारा पोस्टमन खुणेने विचारतो. एक गिऱ्हाईक तर मापं द्यायला आलं होतं, मापं विसरून कळेची चौकशी करून परत गेलं.

कळ येत नाही. मी मात्र जिना चढून उतरून पार वितळलो.

बुधवार

दवाखान्यात गेलो होतो. माझं काम पिशवी धरायचं. पिशवीत काय आहे हे मला माहीत नाही, पण मी ती कुणाला हात लावू दिली नाही.

तिथल्या बाळंतपणाच्या नर्सबाई मला फार आवडल्या. गोल चष्मा, बसका आवाज, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतात. पोटावर यंत्र टेकवून त्यांनी बाळाचे ठोके ऐकवले. काय तो ठेका! आमच्या पाठ्यपुस्तकातल्या घोड्याच्या कवितेची हीच चाल होती. मी गुणगुणायला लागलो तशी हिने माझ्या पायावर पाय दिला.

मग नर्सबाई म्हणाल्या, "बाळ मजेत आहे. आता एक विचारते. स्वीप करायचं का?"

मला ऐकू आलं, झिप.

"झिप?" मी म्हणालो. "कुठे लावणार? आणि कशाला? उशांच्या खोळांना ठीक आहे…"

भिंगरी इतकी हसली की पोटावरचं यंत्र घसरून खाली पडलं. मला वाटलं आता हसण्यानेच होतंय सगळं.

नर्सबाईंनी शांतपणे समजावून सांगितलं. बाळ पाण्याच्या पिशवीत असतं. त्या पिशवीचा पडदा खाली गर्भाशयाच्या तोंडाशी कडेने चिकटलेला असतो. तोंड थोडं उघडलं असेल तर हातमोजा घालून बोट आत घालायचं आणि हलकेच गोल फिरवून तो पडदा कडेपासून सुटा करायचा. पिशवी फोडायची नाही, नुसतं चिकटलेलं सोडवायचं. त्याने शरीराला इशारा मिळतो आणि पुष्कळदा एकदोन दिवसांत कळा सुरू होतात.

"पुष्कळदा म्हणजे नेहमी नाही," भिंगरी म्हणाली.

"नेहमी नाही. नुसतंच पोट दुखत राहील आणि पुढे काहीच होणार नाही, असंही होतं. थोडं रक्त दिसेल. आणि करताना दुखतं. काहींना नुसतं अवघडल्यासारखं वाटतं, काहींना चांगलंच दुखतं. खोटं कशाला सांगू?"

"आणि नाही केलं तर?"

"तर वाट बघू. पण फार थांबणंही बरं नाही. सोमवारपर्यंत आपणहून कळा आल्या नाहीत तर मंगळवारी वरच्या मजल्यावर भरती व्हायचं आणि औषध लावून कळा आणायच्या."

वरचा मजला म्हणजे यंत्रं, तारा आणि पांढरे दिवे. ज्यांच्या कळा आपणहून येतात आणि बाकी सगळं ठीक असतं, त्यांना खालच्या मजल्यावरची मागची खोली मिळते. ती खोली मी ओळखतो. तिचे पडदे मी शिवलेत! हळदी रंगाचे, दुहेरी चुणीचे, खाली चांगली रुंद दुमड घातलेले. खिडकीबाहेर झाड आहे आणि वारा आला की तो पडदा असा फुगतो की वाटतं, भिंत श्वास घेते आहे.

नर्सबाईंनी खोली दाखवली. भिंगरीने पडद्याचं टोक हातात घेतलं, गालाला लावलं आणि म्हणाली, "आप्पा, मला इथेच यायचंय."

मला एकदम भरून आलं. हिने पुन्हा पायावर पाय दिला, पण या वेळी हळू.

निघताना नर्सबाई म्हणाल्या, "शुक्रवारी सकाळी मी आहे. हो म्हणालात तर करू. नको म्हणालात तर ठोके ऐकू, गप्पा मारू. मध्येच नको वाटलं तर 'थांबा' म्हणायचं, मी थांबते. ठरवायचं तुम्ही." हे त्या भिंगरीकडे बघून बोलल्या. पण जबाबदारी आता साऱ्या घरावर येऊन पडली आहे, हे मी ओळखलं.

गुरुवार

घरात सरळ दोन पक्ष पडले आहेत. एक, कळ काढायची. दुसरा, कळ आणायची. पहिल्या पक्षात मी एकटा आहे.

ही दुसऱ्या पक्षाची पुढारी. म्हणते, "करून टाकावं. माझ्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी हात जोडून हो म्हटलं असतं. तुम्हाला काय, तुम्ही व्हरांड्यात कविता म्हणत होतात."

"धीर देत होतो मी."

"कुणाला? व्हरांड्याला?"

जावई लिफ्ट दुरुस्त करतात. माणूस सोन्यासारखा, पण मत काढून घेणं म्हणजे विहिरीतून बादली ओढणं. मी म्हटलं, "जावईबापू, तुमचं काय म्हणणं?" बराच वेळ पान्याने नखं खरवडत बसले. मग म्हणाले, "आप्पा, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतली माणसं सगळी बटणं बडवतात. मी सांगतो, बडवू नका. एकदाच नीट दाबा."

"म्हणजे करावं, असंच ना?"

"तसं नाही. ते आतल्या माणसाने ठरवायचं. मी बाहेर दार धरून उभा."

याला काय मत म्हणायचं? दाराजवळचा पक्ष म्हणायचा फार तर.

मी माझी बाजू नीट मांडली. म्हटलं, कळी आपल्या वेळेला उमलते. पाकळ्या कुणी बोटाने सोडवतं का? सृष्टीला एक लय असते. आपण बाकावर बसून शिकलो त्या साऱ्या कविता दुसरं काय सांगत होत्या?

"अहो," ही म्हणाली, "चिकटलेली शिवण तुम्ही जीभ बाहेर काढून बोटाने सोडवता ते काय मग? तेव्हा कुठे जाते लय?"

मी दुकानात निघून आलो. तिथे किल्लीवाला वाटच बघत होता. त्याला कुठून बातमी लागते देव जाणे. म्हणाला, "कविराज, माझ्या धंद्यात विचारशील तर कुलूप घट्ट बसलं असलं की आधी थेंबभर तेल, मग…"

"माझी मुलगी कुलूप नाही."

"मी कुठे म्हणालो? मी म्हणतोय तेल…"

"आणि तेलही नको."

"बरं बाबा. पण मुलगा झाला तर कुलूप फुकट." म्हणजे काय ते त्यालाही सांगता आलं नाही, पण आम्ही दोघं बराच वेळ हसत बसलो. हल्ली कशालाही हसू येतं. ही म्हणते, आपल्याला उतारवयात चढली आहे.

दुपारी भिंगरी खाली आली. कापडाच्या गठ्ठ्यांवर टेकली. अंगावर निळं मलमल ओढून घेतलं, लहानपणी ओढायची तसं.

"सगळे बोलतायत आप्पा. पोट तेवढं माझं."

"तुला दुखण्याची भीती वाटते का गं?"

"दुखणारच आहे की आज ना उद्या. त्याचं नाही." मलमलाची किनार ती बोटावर गुंडाळत होती. "केलं आणि काही झालंच नाही, किंवा उगीच जास्त त्रास झाला, तर वाटेल मी घाई केली. नाही केलं आणि वर जावं लागलं, तर वाटेल मी उगीच थांबले. दोन्हीकडून मीच. सगळे म्हणतात तू ठरव, तू ठरव. ठरवते हो. पण ठरवल्यावर माझ्याबरोबर कुणीतरी उभं नको का?"

मला तिचं बोलणं कवितेसारखं वाटलं. मी म्हणालो, "तुला आठवतं, तू चौथीत असताना आपण पाखरांची कविता पाठ करत होतो आणि मध्येच दिवे गेले, आणि आपण अंधारात…"

ती माझं सगळं ऐकून घेत होती. मग हसली. म्हणाली, "आप्पा, उद्या आत जायच्या आधी मी तुम्हाला विचारीन. तुमचं मत सांगायचं. पण दोनच शब्दांत. कविता नको."

"दोन शब्दांत कसं मावेल?"

"तुम्ही पडद्याच्या मापात एवढंसंही चुकत नाही. मावेल."

शुक्रवार, सकाळ

दोन शब्द! माणसाची परीक्षा बघतात ही पोरं.

उजाडल्यापासून खडूने कापडाच्या तुकड्यावर लिहून बघतो आहे. 'धीर धर' हे शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखं वाटतं. 'थांब जरा' म्हटलं की कंडक्टरचा आवाज ऐकू येतो. ही केस विंचरता विंचरता म्हणाली, "'तू ठरव' लिहा. दोनच शब्द आहेत." पण त्यात माझं मत कुठे आलं? खोडून टाकलं.

मला त्यांच्याबरोबर जाता येत नाही. आज सभागृहाचे पडदे न्यायला गाडी यायची आहे. लेक, जावई आणि ही, तिघं गेली. जाताना भिंगरीने खिडकीतून दोन बोटं दाखवली. विजयाची नव्हेत, शब्दांची.

शुक्रवार, जरा वेळाने

पाठवले!

गाडीवाला दारात, हातात पडद्याचं टोक, आणि खिशात फोन थरथरला. 'आप्पा, आत बोलावतायत. बोला.' तेवढ्यात गाडीवाला ओरडला, "आटपा की हो!" आणि तोंडातून सवयीने निघालं, "जरा कळ काढा!"

आणि लख्ख प्रकाश पडला. हेच ते! आयुष्यभर जे वाक्य बोललो, जे माझ्या लेकीने स्पर्धेत लिहून पैकीच्या पैकी आणले, तेच मी घरभर शोधत होतो. एका बोटाने लिहिलं. फोन मला सारखा 'कळवा' सुचवत होता, पण मी बधलो नाही. 'कळ काढ.' पाठवलं.

कसं नेमकं बसलं! धीरही आहे, मायाही आहे, आणि आमच्या दोघांची जुनी खूणही आहे. गाडीवाल्याला मी एक पडदा उलटा गुंडाळून दिला, तरी माझा आनंद कमी झाला नाही.

शुक्रवार, दुपार

अनर्थ झाला आहे.

तिघं परत आली. भिंगरी गाडीतून उतरली ती हसत हसत, एक हात पोटाखाली, दुसरा माझ्याकडे पसरलेला. "काढली, आप्पा!"

"काय काढलं?"

"कळ! तुम्हीच म्हणालात ना, कळ काढ. मी नर्सबाईंना फोन दाखवला. म्हटलं, वडील सांगतायत कळ काढायची. त्या म्हणाल्या, मग काढू या."

मी खुर्चीवर बसलो. ती खुर्ची नव्हती, इस्त्री ठेवायचं स्टूल होतं. सुदैवाने इस्त्री थंड होती.

म्हणजे माझ्या लेकीने 'कळ काढ' याचा अर्थ विहिरीतून पाणी काढ तसा घेतला! आत असलेली कळ बाहेर काढ! पैकीच्या पैकी मिळवलेली पोर! आमच्या मराठीच्या बाई आज असत्या तर त्यांनी मला बाकावर उभं केलं असतं.

"दुखलं का गं?" मी कसंबसं विचारलं.

"दुखलं. मध्ये मी 'थांबा' म्हणाले. त्या लगेच थांबल्या. मग दोन श्वास घेतले, खिडकीकडे बघितलं आणि म्हटलं, चला, करा. मग झालं पटकन. नर्सबाई म्हणाल्या, तोंड जरा उघडलेलंच होतं. आता वाट बघायची."

"अगं पण मला म्हणायचं होतं…"

"अहो!" ही एवढ्या जोरात ओरडली की किल्लीवाल्याने भिंतीवर थाप मारून विचारलं, "आली का?" हिने मला स्वयंपाकघरात नेलं. "खबरदार तिला काही सांगाल तर."

"पण गैरसमज झालाय तिचा!"

"असू दे. फार चांगला गैरसमज आहे."

एवढं बोलून ही खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. बिचारी! कधी नाही ती रडली. मी पाठीवर हात ठेवला तर आणखीच हलायला लागली. बाहेर येऊन बघतो तर जावई खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते आणि मान वर करायला तयारच नव्हते. घाबरलेत तेही.

सारं घर हादरलं आहे, आणि माझ्या दोन शब्दांमुळे.

शनिवार

काही नाही. भिंगरीला काल थोडं रक्त दिसलं, नर्सबाईंनी सांगितलं होतं तेवढंच. पोटात मधूनच दुखतं आणि थांबतं. तिने फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या, असंच असतं, बाळ हलतंय ना, मग खा, झोपा, फिरा.

ती फिरते. मी तिच्या मागे स्टूल घेऊन फिरतो. किल्लीवाला म्हणाला, "राजाची स्वारी निघाल्यासारखी दिसते." मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

एकच झालर आज दोनदा शिवली आणि दोनदा उसवली. धागा दातात धरून बसलो होतो, तेवढ्यात भिंगरी आत आली. गठ्ठ्यावर टेकून म्हणाली, "आप्पा, तुमचा चेहरा का असा? नाही आल्या कळा, गेले मंगळवारी वर, तरी तुमचा दोष नाही हं."

मी दातातला धागा काढून सुईत ओवायला लागलो.

"उलट एक फार बरं झालं," ती म्हणाली. "काल तुमचे दोन शब्द हातात होते ना, तर आत जाताना एकटी नव्हते. आता काहीही होऊ दे. घाई केली असेल तर दोघांनी केली."

मी मान खाली घालून कापडावर खडूच्या रेघा मारत राहिलो. कसं सांगू हिला की मी तर नेमकं उलट म्हणालो होतो? एवढा विश्वास, आणि तो एका क्रियापदाच्या गफलतीवर उभा! पण तिचा चेहरा बघितला आणि ठरवलं, हे गुपित माझ्याबरोबरच जाईल. बाप म्हणून एवढं सोसलं पाहिजे. कळ काढली पाहिजे. खऱ्या अर्थाने.

"ते निळं मलमल द्या," ती म्हणाली. तिने ते खांद्यावरून घेतलं, पोटावरून घेतलं, कसंबसं पाठीमागे नेलं आणि दुकानाच्या मध्यभागी उभी राहून हळूहळू, गलबत वळावं तशी, एक गिरकी घेतली. मग आणखी एक. मी रिळांवर ताल धरला. जिन्यातून ही ओरडली, "अगं, चक्कर येईल!" आणि मग स्वतःच जिन्यात बसून टाळ्या वाजवायला लागली.

बाळालाही आवडलं असावं. भिंगरी म्हणाली, आतून कुणीतरी ठोका दिला.

रविवार

आली! आली! आली!

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितो आहे. अक्षर वाकडं येतं, येऊ दे. सगळं क्रमाने लिहायचा प्रयत्न करतो.

सकाळी दुकान बंद ठेवूनच मी कात्रीला धार लावत बसलो होतो. भिंगरी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आली, कठडा घट्ट धरला आणि एकदम गप्प झाली. 'आलं बंदर' म्हणाली नाही.

"आप्पा. आली."

"कोण आली?"

"कळ हो!"

पहाटेपासूनच येत होत्या म्हणे, पण खात्री होईपर्यंत तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आता नर्सबाईंशी बोलणं झालं होतं, त्यांनी 'या' म्हटलं होतं. ही पिशवी घेऊन आली. जावई वरून धावत आले, गाडीचं दार उघडलं, पिशवी आत ठेवली, परत धावत वर जाऊन उशी आणली, तीही आत ठेवली, दार धाडकन लावलं, आणि मग खिसे चाचपायला लागले.

किल्ली आत. उशीवर. सगळी दारं बंद.

एवढा शांत माणूस, पण काय नाचला! सांगता येत नाही. गाडीला या बाजूने गेला, त्या बाजूने गेला, काचेवर थापा मारल्या, गाडीची माफी मागितली. लोकांना बटणं बडवू नका सांगणारा तो हाच, हे कुणाला खरं वाटलं नसतं. मी "किल्लीवाला! किल्लीवाला!" म्हणून ओरडत सुटलो. तो घरच्या कपड्यांत, तोंडावर दाढीचा साबण, हातात तारेचा आकडा घेऊन आला. "कुलूप आहे ना? मग बोलू नका," असं म्हणून खाली बसला.

ही सगळ्यांना एकदमच सूचना देत होती. जावई त्याच्या डोक्यावरून, "लवकर हो, लवकर," करत होते. मी मध्ये उभा राहून काय करत होतो ते मला आठवत नाही. ही म्हणते मी घोड्याची कविता म्हणत होतो.

भिंगरी गाडीच्या पुढच्या भागावर दोन्ही कोपरं टेकून, डोळे मिटून लांब श्वास घेत होती. कळ गेली तसे तिने डोळे उघडले, आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि स्वच्छ, शांत आवाजात जावयांना म्हणाली, "अहो, जरा कळ काढा. होतंय सगळं."

मी जागच्या जागी थिजलो. कळ काढा! धीर धरा! अगदी अचूक! वाक्यात उपयोगासकट!

बिचारीला आत्ता आठवला अर्थ. शुक्रवारी आठवला असता तर? पण माणसाचं असंच असतं. आनंदात विसरलेलं व्याकरण दुखायला लागलं की आठवतं.

मी हिच्याकडे बघितलं. ही माझ्याकडेच बघत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर पदर दाबून धरला होता. तिच्याही लक्षात आलं असावं.

टक्क! दार उघडलं. किल्लीवाला साबणाच्या तोंडाने म्हणाला, "बघ कविराज, थेंबभर तेल." आणि आम्ही निघालो. वाटेत प्रत्येक कळेला भिंगरी जावयांचा हात दाबत होती आणि ते एका हाताने गाडी चालवत "वर जातोय, वर जातोय, नाही नाही, खालच्या मजल्यावर, खालच्या मजल्यावर," असं पुटपुटत होते.

नर्सबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी भिंगरीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला डावीकडे वळवलं. लिफ्टकडे नाही. मागच्या खोलीकडे.

आत ही आणि जावई आहेत. मी व्हरांड्यात. दाराच्या फटीतून हळदी रंग दिसतो, आत जातो, बाहेर येतो.

कविता म्हणत नाही. या वेळी नाही. नुसता बसलो आहे.

रविवार, दिवेलागण

मुलगी!

आणखी काही लिहिता येत नाही. मुलगी! काळेभोर केस! नाक माझं! (ही म्हणते, अजून नाक नाही, नुसती जागा आहे.)

सोमवार

आज मला हवा तेवढा वेळ आत बसू दिलं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्याची दुमड उसवलेली दिसली. सदऱ्याच्या कॉलरला सुई कायम असते. बसल्या बसल्या घातले टाके. नर्सबाई बघत होत्या.

मी हळूच विचारलं, "बाई, ते स्वीप केलं म्हणून कळा आल्या का?"

"कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या. "कदाचित त्याने आल्या. कदाचित येणारच होत्या. ते कुणालाच सांगता येत नाही. पण तुमची मुलगी आत आली ना त्या दिवशी, तेव्हाच ती ओढणी खुंटीला लावून टेबलावर आडवी झाली होती. फोन नंतर दाखवला."

ओढणीचा काय संबंध ते मला कळलं नाही. उकडत असेल.

भिंगरी उशीला टेकून बसली होती. दमलेली, विसकटलेल्या केसांची, आणि अशी सुंदर की बघवेना. मला राहवलं नाही. म्हणालो, "तुला एक विचारू? कळ काढणे याचा अर्थ काय गं?"

तिने जावयांकडे बघितलं. जावयांनी बुटाच्या नाडीकडे बघितलं. आज पायात चपला होत्या.

"विसरले हो आप्पा," ती म्हणाली. "तुम्ही शिकवाल तेव्हा दोघी मिळून शिकू." आणि माझा हात ओढून तिने गालाला लावला, पडद्याचं टोक लावलं होतं तसाच. "तुमच्या दोन शब्दांवर झालं सगळं. आता हिला सांगा काहीतरी. दोनच शब्द."

बाळ माझ्या हातात दिलं. एवढंसं ओझं! एका खिडकीच्या पडद्याला याहून जास्त कापड लागतं. साऱ्या पाठ्यपुस्तकांतल्या साऱ्या कविता एकदम ओठांवर आल्या, दाटीवाटी झाली आणि एकही बाहेर पडेना.

"लिहून ठेवा कुणीतरी," ही म्हणाली. "आज हे गप्प झाले."

वारा आला, पडदा फुगला, उजेड पोरीच्या तोंडावर आला आणि तिने असा काही टाहो फोडला की वरच्या मजल्यावर ऐकू गेला असेल. भूक लागली होती. भिंगरी सावरून बसेपर्यंत जरा वेळ होता. मी नातीच्या कानाशी तोंड नेऊन, अगदी हळू, अगदी लाडाने म्हणालो, "कळ काढ."

ती दुप्पट ओरडायला लागली.

हिलाही अर्थ ठाऊक नाही. आईवर गेली आहे.